गुणिले चोवीस

ऑफर लेटर येतं रात्री साडेनऊला. दहाच्या आत घरात गणित सुरू होतं. दुबई, महिना १८,००० दिरहम. गुणिले चोवीस. चार लाख बत्तीस हजार रुपये. आणि वर प्राप्तिकर शून्य! बायको मोबाइल हातातून घेते, पुन्हा गुणून बघते. उत्तर तेच येतं.

उत्तर बरोबर आहे. उदाहरणच चुकलंय.

पगार रुपयांत मोजायचा आणि खर्चाचं ‘तिथे गेल्यावर बघू’, हा कुठला हिशेब? घरभाडं दिरहमात जाणार, शाळेची फी दिरहमात जाणार, दूध-भाजी दिरहमात येणार. चोवीसने गुणायचंच असेल तर महिनाअखेर खात्यात जे उरेल त्याला गुणा. पगाराला गुणून फक्त पेढे वाटता येतात.

एकटा माणूस गेला तर गोष्ट वेगळी. तो करामात किंवा बर दुबईत बेडस्पेस घेतो, एका खोलीत चौघांबरोबर राहतो, पोटाला चिमटा काढतो आणि गावी पैसे पाठवतो. आखातात गेलेल्या कोकणातल्या कितीतरी माणसांनी असंच घर बांधलं, बहिणींची लग्नं केली. त्या कष्टांना नमस्कार. पण आज बोलायचंय ते चौघांच्या कुटुंबाबद्दल. नवरा, बायको, दोन मुलं. बेडस्पेसमध्ये संसार मावत नाही.

कुटुंबाचा व्हिसा मिळणं सोपं आहे. पगार ४,००० दिरहम असला, किंवा ३,००० आणि कंपनीचं घर असलं, तरी पत्नी-मुलांना स्पॉन्सर करता येतं. हा नियम वाचून लोक निर्धास्त होतात. अहो, ही व्हिसा देण्याची अट आहे. परवडण्याची नाही.

त्या व्हिसासाठी लग्नाचा दाखला लागतो. आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग दूतावासाचा, मग तिथल्या परराष्ट्र खात्याचा. आणि आपल्याकडे लग्नाला बारा वर्षं होऊन गेली तरी नोंदणीच केलेली नसते. आमंत्रणपत्रिका असते. अल्बम असतो. दाखला नसतो.

आता घर.

पुण्यात भाडं महिन्याचं असतं. दुबईत भाडं वर्षाचं बोलतात. ते द्यायचं पुढच्या तारखांच्या चेकनी, आणि सगळे चेक करार करतानाच सही करून घरमालकाच्या हातात. कोणी एक चेक मागतो, कोणी चार, कोणी बाराला तयार होतो. चेक कमी तर भाडं कमी, चेक जास्त तर भाडं जास्त. म्हणजे ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्याला घर स्वस्त मिळतं. नव्याने गेलेल्याकडे काय असतं? ऑफर लेटर.

अल नाहदा किंवा अल कुसैससारख्या भागातलं दोन बेडरूमचं घर धरा, वर्षाला ८४,००० दिरहम. आकडा मी उदाहरणादाखल घेतलाय, तुम्ही तुमचा घाला. चार चेक ठरले. पहिला चेक २१,०००. डिपॉझिट भाड्याच्या पाच टक्के, ४,२००. घर फर्निचरसह असेल तर दहा टक्के. एजंटची दलाली पाच टक्के, पुन्हा ४,२००. दलालीवर पाच टक्के व्हॅट, २१०. वीज-पाण्याचं खातं उघडायला फ्लॅटसाठी २,००० अनामत. बेरीज ३१,६१० दिरहम. आता खुशाल चोवीसने गुणा. साडेसात लाखांच्या वर जातात.

यात गादी आलेली नाही. फ्रिज आलेला नाही. पहिला पगारसुद्धा आलेला नाही.

मग हे साडेसात लाख येतात कुठून? काहींच्या मुदत ठेवी मोडतात. काही जण पुण्याच्या बँकेतून पर्सनल लोन काढून जातात. श्रीमंत व्हायला निघालेला माणूस विमानात बसतो तोच कर्ज घेऊन, आणि घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही. सगळे चार लाख बत्तीस हजारांकडे बघत असतात.

चेकची गंमत समजू नका. २०२२ च्या जानेवारीपासून खात्यात पैसे नाहीत एवढ्याच कारणाने चेक परत गेला तर बहुतेक वेळा तो फौजदारी गुन्हा होत नाही. दिलासा वाटला? त्याच बदलाने परत आलेल्या चेकवरून थेट वसुलीचा मार्गही मोकळा केला. नोकरी सातव्या महिन्यात गेली, तरी दहाव्या महिन्याचा चेक घरमालकाच्या कपाटात असतोच.

करार झाला की तो ‘इजारी’ यंत्रणेत नोंदवायचा. अरबीत इजारी म्हणजे ‘माझं भाडं’. ही नोंदणी नसेल तर वीज नाही, पुढची बरीच कागदपत्रंही नाहीत. हे चांगलंच आहे. आपल्याकडचा अकरा महिन्यांचा करार कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे हे भाडेकरूला तरी ठाऊक असतं का?

वीज-पाण्याचं बिल येतं. लोक त्याला दीवाचं बिल म्हणतात. दुबईच्या वीज-पाणी प्राधिकरणाचं ते इंग्रजी लघुरूप. त्यात एक ओळ असते ‘हाउसिंग फी’. वार्षिक भाड्याच्या पाच टक्के, बारा हप्त्यांत. ८४,००० वर महिना ३५० दिरहम. प्राप्तिकर नाही म्हणून उड्या मारणाऱ्याला ही ओळ पहिल्या बिलात दिसते.

व्हॅटही आहे. १ जानेवारी २०१८ पासून, पाच टक्के. रस्त्यावर ‘सालिक’च्या टोल-कमानी आहेत. २०२५ च्या जानेवारीअखेरपासून गर्दीच्या वेळी एका कमानीखालून जायला सहा दिरहम लागतात, आधी चार होते. पगारावर कर नाही, हे खरं. पण पगार घरात बसून थोडाच राहतो?

आणि गारवा. काही इमारतींत एसीचा थंडावा मध्यवर्ती प्लांटमधून येतो आणि त्याचं बिल वेगळी कंपनी वेगळं पाठवते. त्यात वापराचे पैसे असतातच, शिवाय वापर नसला तरी लागणारा ठरावीक आकार असतो. म्हणून जाहिरातीत ‘चिलर फ्री’ हे दोन शब्द शोधायचे असतात. समुद्र दिसतो की नाही ते नंतर बघा. जुलैमध्ये पंचेचाळीस अंशांत कोणी गॅलरीत उभं राहत नाही.

‘मग शारजात राहू. भाडं बरंच कमी आहे.’ हे वाक्य प्रत्येक घरात येतंच. शारजा ही वेगळी अमिरात, करार वेगळा, वीजमंडळ वेगळं. तिथलं घर स्वस्त का, याचं उत्तर रोज सकाळी सात वाजता अल इत्तिहाद रोडवर गाड्यांच्या रांगेत उभं असतं. जाताना दीड तास, येताना दीड तास असं धरलं तरी दिवसाचे तीन तास गेले. महिन्याला बावीस दिवस. वाचलेलं भाडं या तासांनी भागा आणि बघा, तुमच्या मुलांच्या बापाचा एक तास तुम्ही कितीला विकलात.

भाडेवाढीचा नियम मात्र आपल्यापेक्षा स्वच्छ आहे. दुबईच्या २०१३ च्या ४३ क्रमांकाच्या आदेशाने वाढ बांधून टाकली. तुमचं भाडं त्या भागातल्या सरासरीपेक्षा दहा टक्क्यांपर्यंत कमी असेल तर वाढ शून्य. जितकं जास्त कमी, तितकी वाढ पायरीपायरीने वर. सगळ्यात वरची पायरी वीस टक्के. आणि भाडं वाढवायचं असेल तर नव्वद दिवस आधी कळवायला हवं. घरमालकाने तोंडाने ‘चाळीस टक्के’ म्हटलं म्हणून मान डोलवू नका. भाडेकरूच्या बाजूचा कायदा आहे, आणि अर्धे भाडेकरू तो वाचतच नाहीत.

मालकाला घर विकायचं असेल किंवा स्वतःला राहायचं असेल, तर त्याने रीतसर बारा महिन्यांची नोटीस द्यायची असते. बारा महिने! पुण्यात महिन्याभरात ट्रक दारात लागतो.

घर संपलं. खर्च कुठे संपला?

शाळा. तिथल्या सरकारी शाळा मुळात अरबी माध्यमाच्या आणि नागरिकांसाठी. आपल्या मुलांना खासगी शाळाच. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा त्यातल्या त्यात स्वस्त, ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या कितीतरी महाग. प्रत्येक शाळेची इयत्तावार फी दुबईचं शिक्षण प्राधिकरण, केएचडीए, जाहीर करतं. तक्ता उघडा पडलेला आहे. तरी आपण व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतो, ‘फी साधारण किती असते हो?’

त्या तक्त्यात एक गोष्ट बघा. पहिलीची फी आणि दहावीची फी. मधलं अंतर बघा. मूल एक इयत्ता वर गेलं की फी वर जाते. ती भाववाढ नव्हे, ती वेगळी. २०२५-२६ साठी केएचडीएने फीवाढीची मर्यादा २.३५ टक्के ठेवली होती. पालक मर्यादेवर खूश होतात आणि मुलगी पाचवीतून सहावीत जाते.

वर्ष कधी सुरू होतं? भारतीय शाळांचं एप्रिलमध्ये, ब्रिटिश शाळांचं ऑगस्टअखेरीस. कंपनी मात्र म्हणते ‘१५ नोव्हेंबरला जॉइन व्हा’. बापाला नोव्हेंबरात जाऊ द्या. मुलांनी वर्ष पुरं करावं, शाळा सोडल्याचा दाखला घ्यावा, एप्रिलला जावं. पाच महिने विरह होतो, मान्य. पण त्या पाच महिन्यांत बाप एका खोलीत राहून चेकपुरते पैसे साठवतो. आपल्या आज्या-पणज्यांनी मुंबईच्या गिरणीत गेलेल्या नवऱ्यांची वाट वर्षानुवर्षं पाहिली आहे.

मुलगा आठवीत असेल तर तिथेच थांबा. खुर्चीत बसा. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यातून एमबीबीएसला जायचं तर दहावी आणि बारावी सर्वसाधारणपणे महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेली लागते. दुबईत दहावी केलेल्या मुलाला घरी परतल्यावर हे कळतं. तेव्हा तो सतरा वर्षांचा असतो आणि नियम बदलत नाही. ऑफर लेटरच्या रात्री हा मुद्दा किती घरांत निघतो?

आता ज्या गोष्टीवर कोणी बोलत नाही ती.

तिचा पगार.

पुण्यात ती नोकरी करते. धरा, हातात ८०,००० पडतात. नवऱ्याच्या चार लाख बत्तीस हजारांतून हे ८०,००० कोणी वजा केले का? वजाबाकी केलीच नाही, कारण बेरीज बघण्यात सगळे दंग. ‘तिला तिथेही मिळेल की नोकरी.’ मिळेल. नवऱ्याच्या व्हिसावर राहून वर्क परमिट काढता येतं, बायका काम करतातही. पण बारा वर्षांच्या अनुभवाला तिथल्या बाजारात काय भाव, हे तिने एकदा तरी तपासलं का? का तिच्या वतीने सासऱ्यांनीच सांगून टाकलं?

आणि मावशी. सकाळी सातला येणाऱ्या पोळ्यांच्या मावशी, नऊला येणाऱ्या भांड्यांच्या मावशी. या दोघींच्या खांद्यावर पुण्यातल्या हजारो बायकांचं करिअर उभं आहे. दुबईत घरकामाला माणूस ठेवायचा तर कायद्याने, परवान्याने, किंवा कंपनीकडून तासाच्या दराने. तो दर बघितला की घरातलंच कोणीतरी पोळ्या लाटायला लागतं. कोणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला हवं का?

दुपारी मुलं शाळेतून येतात. शेजारी आजी नाही, समोर काकू नाही. आई-वडिलांना सोबत न्यावं म्हटलं तर त्यांच्यासाठी पगाराची अट पत्नी-मुलांच्या अटीपेक्षा कितीतरी वर आहे. म्हणजे मग तीच घरी थांबते. एक वर्ष. मग दोन. परत आल्यावर मुलाखतीत तिला विचारतात, ‘ही मधली गॅप कसली?’

नवऱ्याला ‘ग्लोबल एक्स्पोजर’ मिळतं. तिला गॅप.

बरं, सगळा खर्च मांडू या. भाडं महिना ७,०००. हाउसिंग फी ३५०. वीज, पाणी, गारवा ९००. दोन मुलांची फी, भारतीय शाळा, जपून धरली तरी २,०००. शाळेची बस ८००. वाणसामान-भाजी २,२००. गाडीचा हप्ता, पेट्रोल, सालिक १,८००. फोन-इंटरनेट ६००. पत्नी-मुलांचा आरोग्य विमा दुबईत स्पॉन्सरने भरायचा असतो, म्हणजे तुम्ही, तो ४००. वर्षातून एकदा चौघांची तिकिटं, महिन्याच्या हिशेबात ४००. बेरीज १६,४५०.

हातात उरले १,५५० दिरहम. आता गुणा चोवीसने. सदतीस हजार दोनशे रुपये.

तिने सोडले होते ८०,०००.

हे आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे असतील. तुमचा पगार ३०,००० असेल तर चित्र पालटतं. कंपनी घर देत असेल तर आणखी पालटतं. मी दुबईच्या विरोधात नाही. दुबईने आपल्या माणसांना काम दिलं, शिस्त दाखवली, रात्री अकराला मुलगी एकटी घरी येऊ शकते असे रस्ते दाखवले. मला राग आहे तो एका गुणाकारावर संसार हलवण्याचा.

या खर्चात आजारपण नाही. गणपतीला घरी जायची हौस नाही. वाहन परवानाही नाही. आपला भारतीय परवाना तिथे सरळ बदलून मिळत नाही, परीक्षा द्यावी लागते, बहुतेकांना आधी शिकवणीही घ्यावी लागते, आणि दोन्हीचे पैसे पडतात. वीस वर्षं सिंहगड रोडवर गाडी चालवली, हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

मागे ठेवलेला पुण्याचा फ्लॅट? त्याचा हप्ता तुमच्याबरोबर विमानात बसत नाही, इथेच थांबतो आणि दर पाच तारखेला जातो. भाड्याने दिला तर भाडं हप्त्याच्या निम्म्यालाही पुरत नाही. शिवाय मालक अनिवासी झाला की भाडेकरूने भाड्यातून तीस टक्क्यांच्या वर कर कापून भरायचा असतो. हे भाडेकरूला माहीत नसतं, मालकाला माहीत नसतं, सोसायटीच्या सेक्रेटरीला तर नसतंच. प्राप्तिकर खात्याला माहीत असतं.

निघायची तारीखही बघा. नोकरीसाठी परदेशी जाणारा माणूस त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस किंवा त्याहून जास्त राहिला असेल, तर तो त्या वर्षापुरता इथला रहिवासी. फेब्रुवारीत गेलात तर फेब्रुवारी-मार्चचा ‘करमुक्त’ पगार इथल्या करात येतो. एचआरने हे सांगितलं नाही? एचआरचं काम तुम्हाला रुजू करून घेणं हे आहे.

शेवटी पगाराच्या पोटात शिरू. १८,००० मधला बेसिक किती? बाकीचं घरभत्ता, प्रवासभत्ता असतं. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर मिळते. पहिली पाच वर्षं प्रत्येक वर्षाला २१ दिवसांचा बेसिक, त्यापुढे ३० दिवसांचा. परदेशी माणसाला तिथे पेन्शन नाही, आपल्यासारखा पीएफ नाही. म्हातारपणासाठी कंपनीकडून जे काय मिळेल ते बहुतेकांसाठी हेच. म्हणून कंपनी बेसिक लहान ठेवते आणि आपण बेरजेची ओळ वाचतो.

बेसिक ९,००० असेल तर एका वर्षाचे ६,३००. पाच वर्षांचे ३१,५००.

घरात शिरायला किती लागले होते? ३१,६१०.

पूर्वी आखाती कंपन्या घर द्यायच्या, शाळेची फी द्यायच्या, वर्षाचं तिकीट द्यायच्या. आता सगळं एका आकड्यात कोंबतात आणि त्याला ‘पॅकेज’ म्हणतात. त्या आकड्याला फोडून बघण्याचा अधिकार तुमचा आहे. घरभाड्याचा पहिला चेक कंपनी आगाऊ देईल का? पगारातून कापून का होईना? शाळेच्या फीचा वाटा? कुटुंबाचा विमा? चौघांची तिकिटं? बेसिक निम्म्याच्या वर? हे विचारलं तर ऑफर रद्द होईल, ही भीती कोणी घातली? भाजीवाल्याकडे कोथिंबिरीच्या जुडीसाठी दहा मिनिटं घासाघीस करणारी माणसं आपण, आणि पाच वर्षांच्या आयुष्यासाठी ‘यस सर’?

ओळखीतल्या एका जोडप्याने नीट केलं. तो आधी गेला. मार्चमध्ये ती पंधरा दिवस व्हिजिट व्हिसावर जाऊन आली. समुद्रावर एक संध्याकाळ घालवली. बाकी दिवस दोन शाळा, सात फ्लॅट, एक दवाखाना आणि तिच्या क्षेत्रातल्या तीन कंपन्या. परत आली तेव्हा तिच्या वहीत सगळे आकडे दिरहमात लिहिलेले होते. एकही गुणलेला नव्हता. मग दोघांनी बसून ठरवलं की मुलं आणि ती जूनपर्यंत पुण्यातच राहतील आणि तो घरभत्ता वाढवून मागेल. त्याने मागितला. मिळाला, पूर्ण नाही, पण मिळाला.

तुमच्याकडे ते पत्र आलं असेल तर दोन रकान्यांची वही काढा. एकात त्याचं, एकात तिचं. काय मिळतं, काय सुटतं. तिच्या राजीनाम्याचा मेल लिहून तयार असेल, तर राहू द्या तो ड्राफ्टमध्ये. आधी दुबईला फोन लावा आणि विचारा, चेक किती?